तुळसाच्या नवऱ्याचं घड्याळ

मोहाडी
१२ डिसेंबर १९७८

तुळसा,

हे पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

तुझ्या मामींनी बाजारात माझ्या हातावर जे घड्याळ पाहिलं ते तुझ्या नवऱ्याचंच होतं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे मी काही झाकून पुढचं सांगते आहे असं तुला वाटायला नको. काळ्या चामड्याच्या पट्ट्याचं, नऊच्या आकड्याजवळ काचेवर ओरखडा असलेलं, तुझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं. मी ते पदराखाली झाकलं होतं. वांग्यांची टोपली उचलताना पदर सरला आणि सत्यभामामामी नेमक्या समोर. "हे कोणाचं वो?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "दुकानातलं." खोटं नव्हतं ते. पण मी हात पाठीमागे नेला. तो नेला नसता तर त्या कदाचित पुढच्या दुकानाकडे गेल्या असत्या.

तू वरठीचं घर सोडून नाकाडोंगरीला गेलीस हे मला उशिरा कळलं. लोकांना सांगताहेत की पहिलटकरीण आहे, बाळंतपणाला माहेरी गेली. सहाव्या महिन्यात कोण जातं?

तू मामींकडे शिकायला होतीस तेव्हा आमच्या घड्याळांच्या दुकानाच्या पायरीवर बसून पाढे म्हणायचीस. तुला बाबांचे हात आठवत असतील. दोन्ही मनगटांवर घड्याळं, कधी एका हातावर दोन. लोक थट्टा करायचे, "धनीराम, इतके घड्याळ बांधूनबी तुले जेवाले उशीरच होते का रे?" बाबा हसायचे आणि म्हणायचे, "खिळ्यावर टांगलं का ते खिळ्याची वेळ सांगते. मले माणसाची पाहाची हाय." घड्याळाची चाल लावायची म्हणजे ते पुढे जातं की मागे पडतं हे आधी समजून घ्यायचं, आणि ते अंगावर घातल्याशिवाय समजत नाही. हात हलतो, वाकतो, घामेजतो. झाकण उघडून कमानीला हात लावायच्या आधी काही दिवस घड्याळ घालून हिंडायचं, ही आमच्या दुकानाची रीत. मला अक्षर आणि ही रीत बाबांनी एकदमच शिकवली.

लकवा झाल्यापासून बाबांचा डावा हात थरथरतो आणि उजव्याला जोर नाही. थरथरत्या हातावर घड्याळाची परीक्षा होत नाही. म्हणून मी घालते. तहसील कचेरीतल्या बाबूंचं घातलं आहे, मास्तरांचं घातलं आहे, डॉक्टरांचं तर दोनदा. कोणाला कळलं नाही, कारण मी झाकते. लग्न न झालेल्या पोरीच्या मनगटावर पुरुषाचं घड्याळ बरं दिसत नाही म्हणून झाकत होते. आता वाटतं, तिथंच चुकलं. झाकलेलं ते चोरीचं, असं पाहणाऱ्याला वाटणारच.

घड्याळ गिरणीत राहिलं आहे असं भाऊजींनी तुला सांगितलं होतं, हे मला मामींच्या बोलण्यातून कळलं. तसं का सांगितलं आणि ते रोज आमच्या दुकानात का बसत होते, हे मी सांगू शकत नाही. मी शब्द दिला आहे. एवढंच सांगते की तुला वाटतं ते कारण नाही. बाबा दिवसभर दुकानातच असतात, शेगडीजवळ. त्यांना विचार.

नाही, त्यांना विचारू नकोस. त्यांनीही शब्द दिला आहे.

रुखमिणी


मोहाडी
१९ डिसेंबर १९७८

तुळसा,

मंगरू कंडक्टर म्हणाला, पत्र त्यानं तुझ्याच हातात दिलं आणि तू ते कमरेला खोचलंस. म्हणजे फाडलं नाहीस. किंवा नंतर फाडलंस.

इथं विहिरीवर बाया मला वेळ विचारतात. "रुखमिणी, किती वाजले? अन् कोणाच्या घड्याळात?" मी बादली भरते आणि येते. काल एकीनं हळू आवाजात म्हटलं, "बापाले लकवा का झाला, पोरगी मोकळीच सुटली." हळू म्हटलं, पण मला ऐकू जावं इतपत मोठ्यानं.

मी आज स्वतःची बाजू मांडायला लिहीत नाही. मला तुला एक विचारायचं आहे आणि तुझ्याशिवाय कोणाला विचारता येत नाही.

भाऊजींचं घड्याळ रात्री कुठं असतं?

हसू नकोस, आणि रागावूही नकोस. चाल लावायला तीन गोष्टी लागतात. घड्याळ कोणत्या हातावर असतं, तो हात कोणतं काम करतो, आणि रात्री ते कुठं आणि कसं ठेवलं जातं. पहिल्या दोन त्यांनी सांगितल्या. तिसरी विचारली तर म्हणाले, "मले काय मालूम? मी जेवलो का आडवा होतो. झोपलो का तुळसाच काढते हातातलं. सकाळी अंधारात हातात आणून देते. कुठं ठेवते, कधी पाह्यलंच नाई." मी म्हटलं, खिळ्याला असतं का, उशाशी असतं का, पालथं का उताणं? ते वैतागले. "बाई, म्या लग्नात घड्याळ घेतलं होतं, त्याची चौकीदारी नव्हती घेतली."

मला माहीत नाही, आणि माहीत असल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आधी मी ते दिवसरात्र हातावर ठेवलं, बरोबर चालतं. मग रात्री दुकानात खिळ्याला टांगलं, बरोबर चालतं. पालथं ठेवलं, उताणं ठेवलं, चावी खाली करून ठेवलं. रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यांशी आमचं भिंतीवरचं मोठं घड्याळ मिळवते आणि त्याच्याशी हे. फरक पडतो तो एवढासा, की कोणी मनुष्य त्यापायी अडचणीत येणार नाही. पण भाऊजी म्हणतात की घड्याळ मागे पडतं, कधी खूप मागे पडतं आणि कधी मुळीच नाही. असं कधी-कधी मागे पडणारं घड्याळ मी पाहिलेलं नाही. बाबांनीही नाही.

याचं उत्तर इतकं महत्त्वाचं का आहे हेही मला सांगता येत नाही. वेड्यासारखं वाटत असेल तुला. एक ओळ लिही. नाव घालू नकोस, मायना घालू नकोस. फक्त कुठं ते लिही.

रुखमिणी


मोहाडी
२७ डिसेंबर १९७८

तुळसा,

तुझ्या वडिलांनी, चिंधूबाबांनी, संक्रांतीच्या आधी नाकाडोंगरीला चार माणसं बोलावली आहेत, आणि फारकतीचंच बोलणार आहेत, असं मामी स्वतः आमच्या दारात उभं राहून सांगून गेल्या. मला सुनवायला आल्या होत्या. मी त्यांना आत या म्हणाले, त्या आल्या नाहीत.

म्हणून आज मी शब्द मोडते आहे. भाऊजींना विचारलं नाही. बाबांना सांगितलं नाही. उद्या मला याचा पश्चात्ताप होईल, पण तू पोटातल्या लेकरासकट घरावेगळी झालीस तर त्याचा जास्त होईल.

तुझ्या नवऱ्याला गिरणीतून घरी बसवलं आहे. दिवाळी झाली, थंडी पडली, त्यानंतर. पहाटेचा भोंगा त्यांच्याकडे आहे हे तुला ठाऊकच आहे. बॉयलरजवळ घड्याळ नाही, ऑफिसाला कुलूप असतं, म्हणून ते आपल्या हातावरचं पाहून भोंगा देतात. रोज संध्याकाळी मालकाच्या घड्याळाशी मिळवून घरी येतात, तरी काही पहाटे भोंगा उशिरा झाला. धान सुकवणाऱ्या बाया भोंग्यावर गावातून निघतात. त्या उशिरा पोचल्या आणि त्यांची हजेरी गेली. पुन्हा तसंच झालं तेव्हा बाया ऑफिसासमोर जाऊन बसल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "याचं घड्याळ नाई, याचं डोस्कं उशिरा उठते. मोहाची उतरली का भोंगा वाजवते."

मालकानं तेच धरलं. म्हणाला, घड्याळ खराब होतं तर घड्याळजीकडून तसं लिहून आण, नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरा माणूस ठेवतो.

आता कळलं ना, तुला का सांगितलं नाही? लग्नाआधी तुझ्या वडिलांनी त्यांच्याकडून मोहाच्या दारूला न शिवण्याची शपथ घेतली होती. गिरणीतलं काम त्यांच्याच शब्दावर मिळालं होतं. दारूचा आळ आला हे चिंधूबाबांच्या कानावर जायच्या आत लेखी आणायचं आणि पुन्हा कामावर लागायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. म्हणून सकाळी डबा घेऊन सायकलनं निघायचे ते गिरणीऐवजी आमच्याकडे यायचे. तू भरून दिलेला डबा आमच्या बाकावर बसून खायचे. मला तो डबा पाहवत नव्हता. एकदा त्यात तू तिळाची चटणी दिली होतीस.

मी लेखी दिलं असतं तर हे सगळं तेव्हाच संपलं असतं. पण काय लिहू? घड्याळ बरोबर चालतं आहे.

परवा ते माझ्यावर ओरडले. आजवर कधी ओरडले नव्हते. "दोन ओळी लिहाले काय जाते तुमचं? मागं पडते म्हणून लिहा न." मी म्हटलं, मागे पडताना मी पाहिलं नाही. ते म्हणाले, "मंग पाडा न मागं. तुमच्याच हातात हाय ते." आणि बाहेर जाऊन सायकलपाशी उभे राहिले.

तुळसा, ते खरं आहे. माझ्याच हातात आहे. झाकणाच्या आत एक लहानसा दांडा असतो, नखाच्या टोकाएवढा. तो एका अंगाला केसभर सरकवला की घड्याळ पुढे पळतं, दुसऱ्या अंगाला सरकवला की मागे पडतं. आम्ही पोट भरतो ते त्या केसभर सरकवण्यावर. बाबा जेवायला आत गेले तेव्हा मी झाकण उघडलं, भिंग लावलं आणि सुई त्या दांड्याला टेकवली. सरकवला असता तर एका रात्रीत घड्याळ मागे पडलं असतं, मी ते पाहिलं असतं, आणि पाहिलं तेच लिहिलं असतं. एकही शब्द खोटा झाला नसता.

मी सरकवला नाही. का नाही हे नीट सांगता येत नाही. भीती वाटली म्हणून असेल. मनात आलं, घड्याळ बरोबर असेल तर ते खरंच पीत असतील. आणि ते पीत असतील तर मी तुझ्याविरुद्ध हात चालवते आहे. उलट, ते पीत नसतील आणि तरी मी लिहून दिलं नाही, तर तुझं घर मी मोडलं. दोन्हीकडे मीच. झाकण लावलं तेव्हा बोटांना घाम सुटला होता, आणि घाम घड्याळाला विष असतो, म्हणून पुन्हा उघडून पुसलं. त्यात बाबा आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, ज्याची चाल कळली नाई त्याले हात नाई लावाचा." त्यांना किती कळलं होतं, मला माहीत नाही.

तू त्यांच्या जवळ झोपतेस. तोंडाचा वास तुला कळतो, मला नाही. पीत असले तर मला तसं सांग, मी घड्याळ परत करीन आणि तुझ्या वाटेत पुन्हा येणार नाही. पीत नसले तर घड्याळ रात्री कुठं असतं तेवढं सांग. तिसरं काही मी मागत नाही.

माझ्या सोयरिकीचं काही ऐकलं असशील तर ते मनावर घेऊ नकोस. मुलाच्या वडिलांनी, तुमसरच्या पुंडलिकरावांनी, साखरपुडा पुढे ढकलला आहे, मोडला नाही.

रुखमिणी


मोहाडी
४ जानेवारी १९७९

तुळसा,

तुझा लोटा पोचला.

दुपारच्या गाडीनं मंगरू आला, फडक्यात बांधलेलं काहीतरी फळीवर ठेवलं आणि म्हणाला, "नाकाडोंगरीवाल्या तुळसाबाईनं देल्लं." मी विचारलं, चिठ्ठी? तो म्हणाला, "चिठ्ठी नाई. तोंडी निरोप हाय. म्हणे, रुखमिणीले सांग, तिले जे मालूम नाई ते यात हाय."

मी ते वाक्य त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मग कळलं. मी तीन पत्रं भरून स्वतःची शुद्धता सांगत होते, रीत सांगत होते, बाबांची साक्ष काढत होते. आणि तू त्यातलं काहीच धरलं नाहीस. मी तुला जे विचारलं तेवढंच धरलंस. तुझ्या नवऱ्याचं घड्याळ रात्री कुठं असतं हे ज्या बाईला विचारावं लागतं, तिची रात्र कुठं गेली हे तुला विचारावं लागलं नाही. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मला खरंच फक्त चाल हवी होती.

लोट्यात हात घातला तर चामड्याचा जुना पट्टा निघाला, कडेनं कुरतडलेला. उंदराचे दात नीट दिसत होते. लोट्यावर तुझं नाव घातलेलं आहे, झाकण घट्ट बसतं. म्हणजे उंदरांनी पहिला पट्टा खाल्ला तेव्हापासून तू घड्याळ लोट्यात घालून झाकत होतीस, वडिलांनी दिलेली वस्तू म्हणून. एवढं कळलं. पण लोटा कुठं असायचा ते कळेना. भाऊजी आले तेव्हा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो हातात घेतला आणि नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हा घडवंचीवरचा हाय. खिडकीखाली, पाण्याच्या गुंडाजवळ."

बाबांनी शेगडीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

आमच्या दुकानात बाबांच्या हातासाठी शेगडी पेटलेली असते, रात्रीही तिच्यात विस्तव राहतो. घड्याळ माझ्या अंगावर होतं तेव्हा ऊब, खिळ्यावर होतं तेव्हाही ऊब. थंडीत ते कसं चालतं हे मी पाहिलंच नव्हतं. पितळी लोटा, ओल्या गुंडाला टेकलेला, वर खिडकी, आणि या महिन्यातली रात्र. आमच्या घरात खोबरेल तेलाची बाटली सकाळी घट्ट होते तीही मी रोज पाहते.

त्या संध्याकाळी घड्याळ मिळवलं, तुझ्या लोट्यात घातलं, झाकण लावलं आणि आमच्या घडवंचीवर, खिडकीखाली ठेवलं. सकाळी झाकण काढलं तर सेकंदकाटा उभा होता. मी ते हातात घेतलं, आणि रेडिओ लावायच्या आत काटा निघाला, जणू काही झालंच नव्हतं. म्हणून तुला कधी दिसलं नाही. तू अंधारात काढून द्यायचीस आणि तुझ्या हातातच ते जागं व्हायचं. मोठ्या घड्याळाशी मिळवलं तेव्हा पाऊण तास मागे होतं.

एकदा झालं ते खरं धरायचं नाही, म्हणून दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवलं. पुन्हा मागे पडलं, पण कमी. त्या रात्री ढग होते, थंडी कमी होती. तिसऱ्या रात्री आभाळ मोकळं होतं, आणि पुन्हा खूप मागे. मग बाबा म्हणाले, आता उघड. आतलं तेल मेणासारखं झालं होतं. लग्नापासून ते कोणी साफ केलेलं नाही.

तुळसा, तुझा नवरा पीत नव्हता.

आणि तू आता जे मनाशी धरशील ते धरू नकोस. लोटा मीच ठेवत होते, माझ्यामुळेच भोंगा चुकला, असं. उंदरापासून जपायला दुसरं कोणी काय केलं असतं? आतल्या तेलाचं बाहेरून कोणाला कळतं? मला हातावर घालून कळलं नाही.

चार माणसांची बैठक थांबव. हे पत्र चिंधूबाबांना वाचून दाखवलंस तरी चालेल. मोहाचं तेवढं गाळ.

रुखमिणी


मोहाडी
११ जानेवारी १९७९

तुळसा,

लेखी दिलं. ते कसं दिलं ते तुला सांगायला हवं, कारण तुमसरहून तुझ्या कानावर वेगळं येईल.

मी कागद लिहायला घेतला त्याच दिवशी पुंडलिकराव आले. बाबांची तब्येत विचारली, चहा घेतला, आणि मग माझ्याकडे न पाहता माझ्याविषयी बोलले. म्हणाले, "धनीरामभाऊ, पोरगी चांगली हाय, आमचं काही म्हणणं नाई. फकस्त एक करा. घड्याळ खिळ्यावर होतं म्हणा. सत्यभामाबाईची नजर कमजोर झाली, तिनं बांगडी पाह्यली अन् घड्याळ समजली. ती बी तसंच म्हणाले तयार हाय, मी बोललो तिच्याशी. माघात साखरपुडा उरकून टाकू."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

कागद माझ्यासमोर होता. त्यावर पहिलंच वाक्य होतं, 'हे घड्याळ मी स्वतःच्या हातावर दिवसरात्र घालून पाहिले.' ते काढून टाकलं तर पुंडलिकराव खूश. पण मग कागदात काय उरतं? थंडीत घड्याळ थांबतं, एवढंच. मालक म्हणेल, घड्याळ बिघडलेलंच आहे, कोण जाणे केव्हा बिघडलं, दिवसा कसं चालत होतं? दिवसभर ते बरोबर चालायचं आणि रात्रीच थांबायचं, म्हणून माणसाला कळत नव्हतं. हे अंगावर घातल्याशिवाय सिद्ध होत नाही. खिळ्यावर होतं असं लिहिलं तर तेही चालून गेलं असतं, मालक काही मनगट पाहायला येणार नव्हता. मी तेही मनात करून पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणणार नाही.

पुंडलिकरावांनी कागद पुढं ओढून वाचला. "रात्रीचंबी लिहिलं?" ते म्हणाले.

"रात्री घातलं होतं," मी म्हणाले.

"अवो, लिहाची काय गरज हाय? हे सरकारी थोडंच हाय?"

"मामाजी, रात्रीचंच तर भांडण हाय," मी म्हणाले. ते अजून माझे सासरे झाले नव्हते, 'मामाजी' तोंडातून निघून गेलं.

ते उठले. दारात चपला घालताना बाबांना म्हणाले, "आमच्या घरी भिंतीवर घड्याळ हाय, धनीरामभाऊ. बायकायले हातावर बांधाची पाळी नाई येत." बोलण्यात राग नव्हता. वाईट वाटल्यासारखं बोलले. त्यांचा मुलगा मी एकदाच पाहिला आहे. तो चांगला वाटला होता.

बाबांना सही करता येत नाही, अंगठा त्यांना लाजिरवाणा वाटतो. म्हणून खाली माझंच नाव लिहिलं, रुखमिणी धनीराम गभणे. त्याच्या वर हे लिहिलं आहे, तुला माहीत असावं म्हणून उतरवते:

'हे घड्याळ मी स्वतःच्या हातावर दिवसरात्र घालून पाहिले. अंगाच्या उबेत त्याची चाल बरोबर आहे. थंड जागी ठेवल्यास रात्रीतून ते थांबते व हातात घेताच पुन्हा चालू होते, म्हणून वापरणाऱ्यास हा दोष कळू शकत नाही. आतील तेल घट्ट झाले आहे. यात वापरणाऱ्याची किंवा घरात ठेवणाऱ्याची चूक नाही.'

'घरात ठेवणाऱ्याची' हे शब्द बाबांनी घालायला सांगितले.

भाऊजी कागद घेऊन गेले. जाताना माझ्या पाया पडू लागले, मी आत निघून आले. आई असती तर तिनं मला मारलं असतं, किंवा जवळ घेतलं असतं. बाबा बाहेरून म्हणाले, "पोरी, शेगडीत कोळसा घाल." मी घातला.

मालक काय म्हणेल माहीत नाही. तू काय म्हणशील तेही माहीत नाही. तू मला अजून एक अक्षर लिहिलेलं नाहीस.

रुखमिणी


मोहाडी
२ फेब्रुवारी १९७९

तुळसा,

या पत्रावर मी वरठीचा पत्ता घातला आहे. घालताना हात थांबला, खरंच असेल का म्हणून. पण भाऊजींनी शपथेवर सांगितलं की तू मंगळवारपासून घरी आहेस, आणि चिंधूबाबा स्वतः तुला सोडायला आले होते.

भोंगा त्यांच्याकडे परत आला हेही त्यांनी सांगितलं. मालकानं कागद दोनदा वाचला म्हणे, आणि विचारलं, "ही बाई कोण?" भाऊजी म्हणाले, "घड्याळजी." धान सुकवणाऱ्या बाया अजून त्यांच्याकडे वाकडंच पाहतात. त्यांची गेलेली हजेरी कोणी परत दिली नाही.

घड्याळ साफ करून, नवं तेल घालून पाठवते आहे. आणखी एक रात्र घडवंचीवर ठेवून पाहिलं, थांबलं नाही. तरी आता तिथं ठेवू नकोस. चामड्याचा पट्टा काढून स्टीलची साखळी लावली आहे, ती उंदीर खाणार नाहीत. त्यांच्या उशाशी, गोधडीच्या घडीत ठेव. त्यांनी झोपल्यावर ते हातातून काढू दिलं नाही तर हातावरच राहू दे, उत्तमच.

लोटाही पाठवते आहे. घासला आहे, पण तुझ्या नावात चिंच राहिली असेल तर पुन्हा धू.

तू लिहिलं नाहीस. ठीक आहे. तुझा निरोप माझ्याकडे आहे. पण पहिल्या दोन पत्रांच्या वेळी तू मला काय समजत होतीस, हे मला एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, कितीही वाईट असलं तरी. कुरतडलेला पट्टा मी ठेवून घेतला आहे, विचारलं नाही.

तुमसरहून मोडल्याचा निरोप आला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले.

आज बाजार होता. माझ्या हातावर पोस्टमास्तरांचं घड्याळ आहे, जरा पुढे जातं. मी पदर कमरेला खोचला आणि तसाच राहू दिला. दोघी-तिघी बाया बोलता बोलता थांबल्या. वांगीवाल्याजवळ सत्यभामामामी समोरून आल्या. मला वाटलं, मान वळवून जातील. त्या थांबल्या, माझ्या मनगटाकडे पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "किती वाजले वो?"

मी हात पुढे केला. मामींना घड्याळ कळत नाही, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. तरी त्या वाकून बराच वेळ पाहत राहिल्या, आणि मी हात मागे घेतला नाही.

तुझी
रुखमिणी